घरातली साफसफाई आणि धुणे : विषारी रसायने कमी कशी करता येतील?

वसुधा_ठाणे (धागाकर्ती)

मंडळी, या विषयावर इथे तुकड्यातुकड्यांनी बरेच बोलणे झाले आहे. कोणी रिठ्याची कृती विचारते, कोणी संत्र्याच्या साली आंबवून केलेले बायोएन्झाइम. माझा आग्रह थोडा वेगळा आहे. पर्याय शोधण्याआधी आपल्या मोरीच्या फळीवर आणि सिंकखालच्या कपाटात काय काय जमले आहे ते एकदा बाहेर काढून पाहावे. शहरातल्या साधारण मध्यमवर्गीय घरात संडाससाठी आम्लाची बाटली, काळे किंवा पांढरे फिनाईल, फरशीसाठी सुगंधी द्रव, काचेचा फवारा, ओट्याचा वेगळा फवारा, भांड्यांचे लिक्विड, कपड्यांची पावडर, मशीनचे वेगळे लिक्विड, सॉफ्टनर, तुंबलेल्या नळीसाठी कॉस्टिकचे पाकीट, एअर फ्रेशनर आणि कपाटात डांबरगोळ्या इतका ऐवज सहज निघतो. यातल्या निम्म्या वस्तू घरात आल्या त्या गरजेमुळे नाही, तर जाहिरातीमुळे किंवा एकावर एक फुकट मिळाल्यामुळे.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे. या बाटल्यांचा सर्वांत जास्त संपर्क कोणाला येतो? बहुतेक घरांत तो घरातल्या बाईला, आणि तिच्यापेक्षाही जास्त, धुणे-भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना येतो. आपल्या घरी दिवसातून पाऊण तास होणारे काम त्या पाच-सहा घरी करतात. प्रत्येक घरचे लिक्विड वेगळे, प्रत्येक घरचे फिनाईल वेगळे, आणि हात मात्र तेच. आमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या बोटांची टोके पावसाळ्यात सोललेली असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि संडास घासताना त्या पदर नाकाला लावतात. विषारी रसायने कमी करण्याचा विचार या हातांपासून आणि या श्वासापासून सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते.

हे केवळ भावनेने म्हणत नाही. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६,००० हून अधिक माणसांची फुफ्फुसे सुमारे २० वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासली होती. ज्या स्त्रिया घरची साफसफाई करत होत्या आणि ज्या साफसफाईची नोकरी करत होत्या, त्या दोघींच्याही फुफ्फुसांची क्षमता साफसफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेली आढळली. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तरीही त्रासदायक वाफा वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिल्या तर श्वासमार्गाला इजा होते, हा त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. युरोपातल्या ज्या मोठ्या पाहणीतून हा अभ्यास निघाला, तिच्यातच त्याआधी आठवड्यातून एकदा तरी फवारे वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणे अधिक आढळली होती. फवाऱ्याचे बारीक तुषार थेट छातीत जातात. तेच द्रव फडक्यावर ओतून पुसले तर तो धोका बराच कमी होतो.

एक नियम मात्र आजपासूनच पाळावा. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये. संडासच्या निळ्या बाटलीत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच पडले की क्लोरीन वायू निघतो. खिडकी नसलेल्या, दार लोटलेल्या बाथरूममध्ये हा वायू क्षणात घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येते आणि खोकल्याची उबळ थांबत नाही. ‘दोन्ही टाकले तर जास्त चकाचक होईल’ हा समज इतका सर्वत्र आहे, की मावशींना हे स्पष्ट शब्दांत सांगावेच लागते. अमोनिया असलेला काचेचा द्रव आणि ब्लीच हे मिश्रणही असेच घातक आहे.

तुम्ही काय कमी केले, काय टिकले, काय फसले, ते सविस्तर लिहावे.

रसायन_शिक्षक (सांगली)

वसुधाताई, धागा वेळेवर काढलात. आम्लाबद्दल एक भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराचे ओळखपत्र, वयाची अट आणि विक्रीची नोंद त्यात आली. तो निर्णय आम्लहल्ल्यांच्या संदर्भात होता, पण घरच्या सुरक्षिततेशीही त्याचा संबंध आहे. बिनलेबलच्या बाटलीत मिळणाऱ्या ‘फरशीच्या ॲसिड’ची तीव्रता किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. असे आम्ल घरात आणूच नये.

आता व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा या जोडीबद्दल लिहितो, कारण चलचित्रांमुळे हा उपाय घरोघरी पोहोचला आहे. दोन्ही एकत्र केले की जोरात फेस येतो आणि काहीतरी घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना उदासीन करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती राहते ते सोडियम ॲसिटेटचे फिकट द्रावण, ज्याची साफ करण्याची ताकद जवळपास नसते. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या वापराव्यात. चिकट, तेलकट मळ असेल तर अल्क, म्हणजे सोडा. नळावरचे पांढरे क्षार, बादलीच्या कडेचा खरखरीत थर किंवा किटलीतले कीट असेल तर आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) किंवा व्हिनेगर. मळ कोणता आहे हे ओळखले की बाटल्यांची संख्या आपोआप घटते.

यात आपल्याकडच्या फरशीचा विचार हवा. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांतले काहीही पडले तरी दगड हळूहळू खाल्ला जातो, चकाकी जाते आणि उघड्या छिद्रांत मळ आणखी बसतो. जुन्या वाड्यांतल्या शहाबादीवर संडासचे आम्ल ओतून ती खडबडीत केलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. अशा फरशीला कोमट पाणी आणि अगदी थोडे साबणाचे द्रावण पुरते. व्हिट्रिफाइड टाइलला आम्लाची भीती कमी, पण तिच्या सांध्यांतला सिमेंटचा भाग झिजतोच.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत गल्लत होऊ नये. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो. त्याने हात कोरडे पडतात, ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात, आणि रेशीम-लोकरीचे धागे कमकुवत होतात. तुंबलेल्या मोरीत उकळते पाणी आणि धुण्याचा सोडा ओतून रबरी पंपाने दाब दिला तर बहुतेक वेळा काम होते. कॉस्टिकचे पाकीट हा शेवटचा उपाय मानावा, आणि आम्ल ओतलेल्या नळीत ते कधीही टाकू नये. त्या अभिक्रियेत इतकी उष्णता निघते की उकळते द्रव तोंडावर उडू शकते.

दापोलीकर

आमच्याकडे गावात गटार योजना नाही. संडासचे पाणी सेप्टिक टाकीत, मोरीचे पाणी पाटाने अळवाला आणि केळीला, आणि विहीर त्याच परसात. त्यामुळे आमच्यासाठी हा प्रश्न निराळा आहे. बाटलीतून जे ओतले ते आपल्याच आवारात राहते.

सेप्टिक टाकी चालते ती तिच्यातल्या जिवाणूंवर. रोज आम्ल, रोज फिनाईल आणि वर ब्लीच टाकत राहिल्यास ते जिवाणू मरतात, गाळ पचत नाही, टाकी लवकर भरते आणि वास येऊ लागतो. मग वास मारण्यासाठी पुन्हा फिनाईल ओतले जाते. आमच्या आळीत हे चक्र मी पाहिले आहे. संडास रोज ब्रशने आणि साध्या पाण्याने घासला, आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्वाचे द्रावण रात्रभर कडेने राहू दिले, तर पिवळा थर बसत नाही. थर आधीच जाड झालेला असेल तर मात्र एकदा खरवडून काढावा लागतो.

रसायन_शिक्षक, एक शंका आहे. डिटर्जंटऐवजी धुण्याचा सोडा वापरला तर ते पाणी केळीला चालेल का? आणि रिठ्याचे पाणी तर पूर्ण निर्धोक असेल ना?

रसायन_शिक्षक (सांगली)

दोन्ही प्रश्न नेमके आहेत, आणि दोन्हींची उत्तरे थोडी निराश करणारी आहेत.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. माणसाच्या दृष्टीने तो साधा पदार्थ आहे, पण सोडियम मातीत साठत गेले की मातीची रचना बिघडते, पाणी मुरत नाही आणि पाने कडेने करपतात. जांभ्याच्या निचऱ्याच्या जमिनीत आणि कोकणातल्या पावसात ते बरेच धुऊन जाते, काळ्या मातीत मात्र साचते. म्हणून सोड्याचे पाणी एकाच जागी सतत सोडू नये. भांडी विसळलेले दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातले पाणी झाडांना खुशाल द्यावे.

रिठ्यातले फेस आणणारे द्रव्य, म्हणजे सॅपोनिन, जिवाणूंकडून विघटित होते, हा त्याचा मोठा गुण. पण ते माशांना विषारी असते. रिठ्यासारखी सॅपोनिनयुक्त फळे व साली ओढ्यात टाकून मासे पकडण्याची रीत अनेक प्रदेशांत होती ती याचमुळे. शिवाय ते डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. वस्तू झाडावर पिकली म्हणून ती सर्वांनाच निरुपद्रवी ठरत नाही. परसातल्या जमिनीला थोडेसे रिठ्याचे पाणी चालेल, विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नये.

रिठा रेशमी साडी, लोकर, पैठणी यांसाठी उत्तम. रोजच्या घामट, तेलकट कपड्यांना तो पुरा पडत नाही, आणि पांढऱ्या कापडावर कालांतराने पिवळसर झाक येते. उकळलेले पाणी दोन-चार दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

बालवैद्य_नाशिक

या धाग्यात डांबरगोळ्यांचा उल्लेख ओझरता झाला आहे. माझ्या मते घरातली सर्वांत आधी काढून टाकण्याची वस्तू तीच आहे, आणि त्याचे कारण तान्ही बाळे.

आपल्याकडे बाळाला आजीच्या जुन्या मऊ सुती साडीची दुपटी करतात. त्या साड्या वर्षानुवर्षे कपाटात किंवा ट्रंकेत डांबरगोळ्यांसह ठेवलेल्या असतात. थोरल्या भावंडाचे झबले-टोपरेही त्याच ट्रंकेतून बाहेर निघते. पारंपरिक डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ती हवेत विरते आणि धाग्यांत मुरते. बाळाला रोज तेल लावून मालीश होते, आणि नॅफ्थलीन तेलात विरघळत असल्याने तेलकट त्वचेतून ते अधिक सहज आत जाते. काही बालकांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. भारतातल्या अनेक समाजांत ती आढळते, आणि बहुतेक घरांना आपल्या बाळाला ती आहे हे ठाऊक नसते. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे भराभर फुटतात, कावीळ वाढते, लघवी गडद होते. नवजात बाळात ही कावीळ मेंदूला कायमची इजा करण्याइतकी चढू शकते. हे वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून नोंदलेले आहे. युरोपीय संघात नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री २००८ पासून बंद आहे.

म्हणून बाळंतपणाच्या तयारीत ट्रंकेतले कपडे काढले तर ते डांबराचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन कडक उन्हात वाळवावेत. वास राहिला तर ते बाळासाठी वापरूच नयेत. पर्याय म्हणून अनेक जण कापूर ठेवतात. तोही रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका, कारण थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. कपडे स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि वर्षातून दोनदा ऊन दाखवणे पुरेसे असते. कसर लागते ती मुख्यतः लोकरीला आणि रेशमाला, तीही घामाचे व अन्नाचे डाग राहिलेल्या कपड्यांना. सुती साड्यांना डांबरगोळीची गरज मुळात नसते. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, फक्त पुरचुंडी मुलांपासून लांब असावी.

फिनाईलबद्दलही तेच. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून मिळणारी फिनॉलजातीय द्रव्ये असतात. नवजात बाळ पाळणा वापरत असेपर्यंत त्याला फिनॉलयुक्त जंतुनाशक लावू नये, असे अमेरिकेतील सीडीसी या सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरात बाळ रांगत असेल तर फरशी साध्या पाण्याने पुसावी. घरात मांजर असेल तरीही फिनाईल टाळावे, कारण मांजराच्या यकृताला फिनॉल नीट हाताळता येत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जाते.

आणखी एक कळकळीची विनंती. फिनाईल, ब्लीच किंवा आम्ल शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुले तहान लागली की बाटली उचलतात. कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका, कारण जाताना भाजलेली अन्ननलिका येताना पुन्हा भाजते. मिठाचे पाणी पाजू नका. तोंड पाण्याने पुसा आणि बाटलीसकट रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र दिवसरात्र चालते, तिथून दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळते.

अनिकेत_पिंपरी

वेगळे मत मांडतो, कृपया गैरसमज नसावा. ‘रसायन’ हा शब्द भीती दाखवण्यासाठी वापरला जाऊ नये. साबण, ब्लीच आणि डिटर्जंट यांनी असंख्य माणसांना अतिसारापासून आणि कातडीच्या रोगांपासून वाचवले आहे. घरात कोणाला कावीळ, विषमज्वर किंवा जुलाब असतील तर लिंबूसत्त्वावर विसंबून चालणार नाही, तिथे योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीचच हवे. बायोएन्झाइम जंतुनाशक आहे असे छातीठोकपणे सांगितले जाते, ते मला पटत नाही. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून जे मिळते ते सौम्य आम्ल असते. त्याने फरशीचा चिकटपणा निघेल, पण त्याची प्रत प्रत्येक घरी वेगळी, आणि जंतू मारण्याची खात्री नाही. वर सुरुवातीला बाटलीचे झाकण रोज सैल केले नाही तर आतल्या वायूने ती फुटते.

दुसरे असे की, मुळा-इंद्रायणीच्या काठाला राहणारा माणूस म्हणून सांगतो, आळंदीत इंद्रायणीवर जो पांढरा फेस दिसतो त्याला कारखान्यांचे आणि शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी कारणीभूत आहे. घरोघरच्या गृहिणींनी पावडर कमी केली की नदी शुद्ध होईल, असे म्हणणे म्हणजे जबाबदारी चुकीच्या खांद्यावर टाकणे होय.

वसुधा_ठाणे

अनिकेत, तुमचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच्या विरोधात नाही. घरात आजारपण असेल तेव्हा ब्लीच वापरावे, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, ताजे पातळ करून, आणि दुसऱ्या कशातही न मिसळता. पण निरोगी घरातली फरशी रोज जंतुनाशकाने पुसण्याची गरज काय? आज बाजारातल्या अनेक फरशीच्या द्रवांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. ते त्वचेला आणि श्वासमार्गाला त्रास देऊ शकते, आणि त्याची रोजच्या धुळीच्या फरशीला आवश्यकता नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली हात-अंग धुण्याच्या घरगुती साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक काढायला लावले, त्यामागचे एक कारण हे होते की साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही.

नदीबद्दल : सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकांचे आणि कारखान्यांचे काम आहे, आणि त्यासाठी भांडायलाच हवे. मात्र डिटर्जंटमधले फॉस्फेट नेहमीच्या शुद्धीकरण प्रकल्पातही पूर्णपणे निघत नाही, आणि त्यावर जलपर्णी व शेवाळ पोसते. जे पाण्यात घातलेच नाही ते काढावे लागत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात.

परदेशी_मराठी (फ्रँकफर्ट)

युरोपातला अनुभव लिहिते. इथे कपड्यांच्या घरगुती डिटर्जंटमधील फॉस्फरसवर २०१३ पासून आणि भांड्यांच्या मशीनच्या डिटर्जंटवर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. त्यासाठी लोकांना काही त्याग करावा लागला नाही, कंपन्यांनी कृती बदलली आणि कपडे पूर्वीसारखेच निघतात. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट हा स्वस्त फेसकारक घटकही इथे घरगुती स्वच्छता उत्पादनांतून केव्हाच हद्दपार झाला, कारण नदीत विघटन होताना त्याचे जे नोनिलफेनॉल बनते ते जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते.

मला सर्वांत उपयोगी वाटते ते लेबल. सुगंधातले ठरावीक ॲलर्जीकारक घटक आणि परिरक्षके (उत्पादन टिकवणारी द्रव्ये) पाकिटावर नावानिशी लिहावी लागतात, पूर्ण यादी कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. माझ्या मुलीला इसब आहे, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक तिला चालत नाही हे त्वचारोगतज्ज्ञांनी चाचणीतून सांगितल्यावर ते टाळता आले ते केवळ यादी छापलेली होती म्हणून. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १,४-डायऑक्सेन या अनावधानाने तयार होणाऱ्या घटकावर घरगुती स्वच्छता उत्पादनांत मर्यादा आणली, ती २०२३ अखेरीपासून दशलक्षात एक भाग इतकी खाली आहे. सुट्टीत पुण्याला आले की पाकिटांवर मला ‘सुगंध, पृष्ठक्रियाशील द्रव्ये, इत्यादी’ एवढेच वाचायला मिळते, आणि हे बदलण्याची मागणी ग्राहक म्हणून आपण सातत्याने केली पाहिजे असे वाटते.

मृण्मयी_लातूर

आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड आहे की अंगाच्या साबणाचा फेस होत नाही, बादलीवर पांढरे पापुद्रे धरतात. शहरातल्या मैत्रिणी ‘पावडर निम्मी कर’ म्हणतात, पण निम्म्या पावडरीत आमचे कपडे करडे निघतात. टॉवेल वाळल्यावर पुठ्ठ्यासारखे कडक होतात, म्हणून सॉफ्टनर घ्यायला लागले. यावर काय करावे?

वसुधा_ठाणे

मृण्मयी, जड पाण्यात पावडरीचा बराच भाग मळ काढण्याऐवजी कॅल्शियमशी झगडण्यात खर्ची पडतो. म्हणून पावडर वाढवण्यापेक्षा पाणी हलके करणे स्वस्त पडते. शक्य असेल तर पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धुण्यासाठी साठवावे. ते नसेल तेव्हा भिजवण्याच्या बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवून मग निम्मी पावडर घालावी, आणि सुती कपडे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावेत. आजच्या बहुतेक पावडरींत एन्झाइम असतात, त्यांना काम करायला वेळ आणि कोमटपणा लागतो. रेशीम आणि लोकर मात्र या बादलीत नको. कॉलर, कफ, बाहीखालचा भाग आणि मुलांच्या विजारींचे गुडघे यांवर आधी साबणाची वडी ओली करून घासावी, म्हणजे चार ठिकाणच्या मळासाठी पूर्ण बादलीची पावडर वाढवावी लागत नाही.

टॉवेल कडक होतात ते धाग्यांत राहिलेल्या क्षारांमुळे आणि न निघालेल्या पावडरीमुळे. सॉफ्टनर ते काढत नाही, तो धाग्यावर मेणासारखा पातळ लेप चढवतो. हात फिरवला की मऊ लागते, पण टॉवेल पाणी शोषेनासा होतो. शेवटच्या विसळण्याच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूसत्त्व घाला, क्षार सुटतील, आणि वाळत घालण्याआधी टॉवेल दोन वेळा जोरात झटका. त्या बादलीत ब्लीच कधीही नको, कारण लिंबूसत्त्व हेही आम्लच आहे. सॉफ्टनर बंद झाला की कपड्यांचा तीव्र सुगंधही जातो. पहिले काही आठवडे घरच्यांना कपडे ‘धुतल्यासारखे वाटत नाहीत’, नंतर सवय होते. पांढरेपणाचेही तसेच. पावडरीतले प्रकाशक द्रव्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देते, त्यामुळे कापड उन्हात झगझगीत दिसते, मळ त्याने निघत नाही.

मावशींबद्दलही लिहिते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण कोणत्या घरात कोणती बाटली हातात द्यायची हे घरमालकच ठरवतो, म्हणून ती जबाबदारी आपली आहे. आमच्याकडे संडासची आम्लाची बाटली बंद झाली, लांब दांड्याचा ब्रश आला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मावशींच्या मापाचे घेतले. माप महत्त्वाचे आहे. सैल मोज्यात पाणी शिरते आणि आतल्या आत हात आणखी भिजतात. मोज्यांची उलटी बाजू रोज वाळवावी लागते. भांड्यांचे लिक्विड थेट घासणीवर न ओतता एका वाटीत पाण्यात मिसळून ठेवतो, त्यात लिक्विड निम्म्याहून कमी लागते. काम झाल्यावर हात पुसून लावायला खोबरेल तेलाची बाटली ओट्यावरच असते. मावशींचे म्हणणे असे की सगळ्या घरांत फक्त फिनाईलचा वास कमी झाला तरी संध्याकाळचे डोके दुखणे थांबेल. हे वाक्य सोसायटीच्या सभेत मी मांडले आहे, आणि जिन्याच्या सफाईसाठी काळे फिनाईल बंद करण्याचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचे ठरले आहे.

दापोलीकर

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. हे सगळे बंद केल्यावर घरात उरलेल्या अर्ध्या बाटल्यांचे आणि डांबरगोळ्यांचे काय करायचे? मोरीत ओतल्या तर टाकीत आणि विहिरीत जातील.

रसायन_शिक्षक (सांगली)

एका दिवशी सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या करणे हे सर्वांत धोक्याचे, कारण नळीत आम्ल आणि ब्लीच भेटतात. सौम्य वस्तू, म्हणजे फरशीचे द्रव, भांड्यांचे लिक्विड आणि सॉफ्टनर, थोड्या थोड्या प्रमाणात वापरून संपवाव्यात. सॉफ्टनर पायपुसण्यांना चालेल. आम्ल, कॉस्टिक आणि डांबरगोळ्या मूळ वेष्टनात, झाकण घट्ट लावून, वेगवेगळ्या ठेवाव्यात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि तो वेगळा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. घंटागाडीवाल्याला हातात देताना आत काय आहे ते तोंडी सांगा आणि बाटलीवर ठळक लिहाही, कारण पुढे तो कचरा उघड्या हातांनी निवडला जातो. ग्रामपंचायतीत अशी सोय नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि सोय होईपर्यंत बाटल्या मुलांच्या हाती न लागणाऱ्या, हवेशीर जागी कुलपात ठेवाव्यात. डांबरगोळ्या जाळू नयेत, आणि विहिरीपासून कितीही लांब असला तरी खड्ड्यात पुरू नयेत.